नाकतोड्यानं कुणाचं नाक तोडलं?

मंडळी, गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. पहिल्या शनिवारी रिलीज होता (रिलीज नेमका शनिवारीच का असतो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे) आणि दुसऱ्या शनिवारी मी गावी होतो, किल्लारीला. किल्लारी म्हटलं की पुण्यातल्या माणसाला एकच गोष्ट आठवते. आठवली ना? ती या लेखात येईल, पण आजचा विषय ती नाही. आजचा विषय आहे नाकतोडा.

हसू नका. नाकतोड्यावरून माझं आणि माझ्या चुलत्यांचं चांगलं भांडण झालंय.

तर झालं असं. सकाळी तात्यांबरोबर (तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते) शेतावर गेलो. सोयाबीन मांडीला लागत होतं, शेंगा धरायला लागल्या होत्या. बांधावरून चालताना दर पावलाला पाच-सात नाकतोडे फर्रर्र करून उडायचे आणि पुढे जाऊन पुन्हा गवतावर बसायचे. मला मजा वाटत होती. तात्यांना नाही. त्यांनी सोयाबीनचं एक पान तोडून माझ्या नाकासमोर धरलं. कडेनं कुरतडलेलं, मध्ये दोन भोकं.

"हे बघ. टोळ झालेत. सोमवारी मारून टाकतो."

आखाड्यावर दोन डबे आणून ठेवलेलेच होते. एक कीटकनाशकाचा, सोयाबीनवर मारायला. दुसरा तणनाशकाचा, बांधावरचं आणि शेताला लागून असलेल्या जुन्या गावठाणातलं गवत जाळून टाकायला. कारण टोळ तिथूनच येतात, असं तात्यांचं म्हणणं. दुसरा डबा "आलाच आहात तर हा पण घेऊन जा" म्हणून दुकानदारानं दिलेला. आपल्याकडे पिझ्झ्याबरोबर कोल्ड्रिंक देतात तसा.

मी म्हणालो, "तात्या, हे टोळ नाहीत. नाकतोडे आहेत."

"एकच की."

"एकच नाही."

"बरं बाबा. तू इंजिनिअर."

मराठवाड्यात हे वाक्य कौतुकानं म्हणत नाहीत, हे वाचकांच्या माहितीसाठी.

लहानपणी आम्हाला सांगितलेलं की हा किडा झोपलेल्या पोरांचं नाक तोडतो, म्हणून नाकतोडा. त्यानं आजवर कुणाचं नाक तोडल्याचं ऐकिवात नाही. बरं, बदनामी एवढ्यावर थांबत नाही. शाळेतली ती मुंगीची गोष्ट आठवा. मुंगी उन्हाळाभर राबते, नाकतोडा गाणी गातो आणि थंडीत उपाशी मरतो. इसापाच्या मूळ ग्रीक गोष्टीत तो नाकतोडा नव्हताच म्हणे, सिकाडा होता, झाडावर बसून किर्र करणारा. गोष्ट उत्तरेकडे सरकली तिथे सिकाडा कुणाला माहीत नव्हता, म्हणून भाषांतरकारांनी नाकतोडा बसवला. थोडक्यात, दुसऱ्याच्या मॉड्यूलमधला बग याच्या नावावर टाकला गेला आणि इतकी वर्षं झाली तरी तिकीट क्लोज झालेलं नाही.

माझी आणि नाकतोड्याची ओळख मात्र वेगळ्या ठिकाणी झाली. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्याकडे घरं म्हणजे दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर लाकूड-मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहायला याच्यासारखं घर नाही. आणि अंगावर पडायला याच्याइतकं जड घरही नाही. लातूर-उस्मानाबाद मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. आमच्या घरातली दोन. आज्जी आणि तात्यांची मोठी मुलगी, ती तीन वर्षांची होती. मी सहा वर्षांचा, त्या रात्री औशाला मामाकडे होतो.

नंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. तिथलं एक मला स्पष्ट आठवतं. मोठी माणसं बोलायची नाहीत. दिवसभर बसून असायची. बाहेर पावसानं वाढलेलं गवत, आणि आम्ही पोरं त्या गवतात नाकतोडे पकडायचो. सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्यांचा पूर्ण वाढीचा काळ, बोटाएवढे मोठे मिळतात. रिकाम्या काडेपेटीत एक नाकतोडा घातला की आतून टक्-टक् आवाज येतो. तो कानाला लावून ऐकायचो. कुणी पायाला दोरा बांधायचं. (हे क्रूर होतं, कबूल. पाय तुटायचा.) मदत घेऊन आलेल्या एका बाईंनी आम्हाला खेळणी दिली होती, पण खेळलो आम्ही नाकतोड्यांशीच. म्हणजे तुम्ही म्हणाल, याचं नाकतोड्यावर प्रेम आहे म्हणून हा त्यांची वकिली करतोय. थोडं असेलही. पण भांडणात मी तात्यांना हे काही सांगितलं नाही. मी मुद्द्यांवर भांडलो आणि ते मुद्दे तुमच्यासमोरही ठेवतो.

पहिला मुद्दा टोळ आणि नाकतोडा यातल्या फरकाचा. जगात नाकतोड्यांच्या हजारो जाती आहेत. त्यातल्या जेमतेम वीसेक जाती टोळ होऊ शकतात. 'होऊ शकतात' हा शब्द महत्त्वाचा. टोळ हा जन्मतः वेगळा प्राणी नाही, एरवी तो साधा, एकलकोंडा नाकतोडाच असतो. पाऊस चांगला झाला, संख्या वाढली, मग गवत सुकत गेलं आणि उरलेल्या हिरव्या तुकड्यावर सगळ्यांची गर्दी झाली, की एकमेकांचे पाय एकमेकांच्या मागच्या पायांना घासायला लागतात. या घासण्यानं शरीरात सेरोटोनिन वाढतं आणि दोन-चार तासांत स्वभाव बदलतो. एरवी एकमेकांना टाळणारा किडा एकमेकांकडे ओढला जायला लागतो. पुढे रंग बदलतो, पुढच्या पिढ्यांत शरीराची ठेवणही बदलते. एकच बायनरी, दोन मोड. हा बदल इतका मोठा असतो की जुने शास्त्रज्ञ या दोन अवस्थांना दोन वेगवेगळ्या जाती समजत होते. १९२१ मध्ये बोरिस उवारोव्ह यांनी दाखवून दिलं की या दोन्ही एकच. (मराठीत 'टोळभैरव' हा शब्द आहेच. एकेकटा भेटला तर चांगला वागणारा मुलगा चौकातल्या घोळक्यात गेला की काय होतो, हे आपल्याला उवारोव्हच्या आधीपासून माहीत असावं.)

तात्यांच्या बांधावरचे नाकतोडे यातले नव्हते. सुटेसुटे बसलेले, हिरवे-तपकिरी, ज्याचा तो. त्यांची धाड येणार नव्हती.

पण तात्यांच्या डोक्यात टोळ आले कुठून, हेही मला माहीत आहे. २०२० मधून. आठवतंय का? मार्चमध्ये आपण बाल्कनीत थाळ्या वाजवल्या आणि मे महिन्यात विदर्भातल्या शेतकऱ्यांनी टोळांसाठी थाळ्या वाजवल्या. २०१८ साली मेकुनू आणि लुबान या दोन चक्रीवादळांनी अरबस्तानातल्या ओसाड वाळवंटात पाऊस पाडला. तिथे कुणाचं लक्ष नसताना वाळवंटी टोळाच्या पिढ्यांवर पिढ्या झाल्या. मग येमेन, पूर्व आफ्रिका, इराण, पाकिस्तान, राजस्थान करत मे २०२० मध्ये मध्य प्रदेशातून थवे अमरावतीत उतरले. तिथून वर्धा, तिथून नागपूरकडे काटोल. अग्निशमनच्या गाड्यांनी रात्री झाडांवर औषध मारलं, कारण टोळ रात्री उडत नाहीत, झाडांवर बसून राहतात. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात आणि असा थवा एका दिवसात ३५,००० माणसांइतकं खातो. भीती खोटी नव्हती.

लातूरला मात्र टोळ आले नाहीत. व्हॉट्सअॅपवरचे व्हिडिओ आले. लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या सगळ्या गावानं ते पाहिले आणि त्या उन्हाळ्यापासून आमच्याकडे बांधावरचा प्रत्येक नाकतोडा 'टोळ' झाला. किडा तोच राहिला, नाव तेवढं बदललं. आणि शेतीत नाव बदललं की औषध बदलतं.

तुम्ही ऑनकॉल असाल तर हे तुम्हाला चांगलं कळेल. एकदा प्रॉडक्शन खरंच पडलं की पुढचे सहा महिने आपण प्रत्येक वॉर्निंगला पहाटे तीनला उठतो. त्यात चूक काही नाही. पण सातव्या महिन्यात कुणीतरी बसून ठरवावं लागतं की कशाला उठायचं आणि कशाला नाही. टोळांच्या बाबतीत हे ठरवायला भारतात संस्था आहे. १९३९ पासून आहे, टोळ इशारा संघटना नावाची. तिचं काम जोधपूरकडच्या वाळवंटात टोळ मोजत बसण्याचं. पण बांधावरच्या नाकतोड्यांची मोजदाद करायला कुणी नाही. तिथे एकच सल्लागार, दुकानदार. त्याचं पोट डबे खपण्यावर आहे. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही दुसरा डबा हातात दिला असता.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण गोष्ट फार चांगली आहे. आपल्याकडची टोळधाड म्हणजे नेहमी राजस्थानातूनच येते असं नाही. १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यात एका वेगळ्याच टोळानं धुमाकूळ घातला होता. त्याचं नावच 'मुंबई टोळ' पडलं. हा वाळवंटातला नव्हे, इथलाच. थंडीत सह्याद्रीच्या जंगलात मुक्काम आणि पावसाळ्यात पसरून अंडी घालणार. (आमचं गाव तेव्हा निजामाच्या राज्यात, पण टोळांना सरहद्द कोण शिकवणार?) त्याचा अभ्यास केला हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय नावाच्या सरकारी कीटकशास्त्रज्ञानं, १९०३-०४ मध्ये. अहवाल १९०६ ला छापला. पुढे हे गृहस्थ लंडनला गेले, वेस्टमिन्स्टर हॉलच्या लाकडी छपराला लागलेल्या किडीवर त्यांनी औषध तयार केलं आणि त्यातून एक कंपनी काढली. तीच रेंटोकिल, जी आज जगभर घरं-हॉटेलांतले किडे मारते. आणि १९२५ मध्ये प्रयोगशाळेत किडे मारायच्या विषारी वायूवर प्रयोग करताना त्याच वायूनं लेफ्रॉय गेले.

मुंबई टोळाचं काय झालं? १९०८ नंतर भारतात त्याची धाड आली नाही. पण तीच जात थायलंडमध्ये १९६० च्या दशकात उसळली. जंगल तोडून मका लावला, मक्यावर टोळ वाढले. विमानातून फवारण्या करून झाल्या, फार उपयोग झाला नाही. मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी लोकांना सांगण्यात आलं की पकडा आणि खा. लोकांनी तळून खाल्ले, आवडले, बाजारात भाव आला, आणि पुढे काही शेतकरी टोळांना खायला मिळावं म्हणून मका लावायला लागले! मी हे तात्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. काकू म्हणाली, "माझ्या कढईत आणायचं नाही सांगून ठेवते." असो. आम्ही माळकरी घरातले. हा उपाय आमच्याकडे चालणार नाही.

आता खरा हिशोब. माझा आणि तात्यांचा वाद इथे पेटला.

आमच्या भागात पूर्वी ज्वारीची रानं होती. ज्वारीवर दख्खनचा एक खास नाकतोडा यायचा, बिनपंखी. उडता येत नाही, वर्षाला एकच पिढी. पावसाळा संपताना मादी जमिनीत अंडी घालणार, ती पुढच्या जूनच्या पावसात फुटणार. गेल्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी यावर काम केलं आणि या किड्याच्या शास्त्रीय नावात त्यांचंच नाव आहे, कोलेमानिया. हा नाकतोडा ज्वारीचं खरंच नुकसान करायचा. त्यावर जुन्या लोकांचा उपाय एकच होता, उन्हाळी नांगरट. ढेकळं उलटी केली की अंड्यांच्या पेट्या उन्हात उघड्या पडतात. काही वाळतात, काही मैना आणि बगळे वेचून खातात. तात्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, नांगरामागे बगळ्यांची रांग लागली की खूश व्हायचे. "आपले मजूर आले" म्हणायचे.

आता ज्वारी गेली, सोयाबीन आलं. लातूर म्हणजे सोयाबीनची बाजारपेठ, भाव तिथे ठरतो. आणि सोयाबीनचं पीक पानांच्या बाबतीत भलतंच सोशिक आहे. फुलावर येण्याआधी पानांचा चौथा हिस्सा खाल्ला गेला तरी उत्पन्नात फारसा फरक पडत नाही. शेंगा भरताना मात्र जपावं लागतं. मी तात्यांच्या शेतात फिरून पानं पाहिली. बांधालगतच्या दोन-तीन ओळी सोडल्या तर आत जवळपास काहीच नाही. नाकतोडा बांधावर राहतो आणि जेवायला काठावर येतो.

सोयाबीनला खरा त्रास कुणाचा? चक्रीभुंग्याचा. खोडमाशीचा. पानं खाणाऱ्या अळ्यांचा. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या पिवळ्या मोझॅकचा. २०२२ साली तर लातूर, बीड, उस्मानाबादकडे शंखी गोगलगायींनी उगवलेली रोपं रातोरात साफ केली, लोकांना दुबार पेरणी करावी लागली. या यादीत नाकतोडा कुठेतरी खाली आहे. पण गंमत बघा, चक्रीभुंगा दिसत नाही, तो देठाच्या आत. खोडमाशीची अळी खोडाच्या आत. नाकतोडा मात्र पायाखालून फर्रकन उडतो. जो दिसतो त्यालाच आपण मारतो. मी अख्खं करिअर असे चुकीचे बग आधी फिक्स करण्यात घालवलंय, म्हणून ठामपणे सांगतो.

आणि फवारा नाकतोड्याचं नाव घेऊन मारला तरी तो फक्त नाकतोड्यालाच लागत नाही. आमच्याकडे एक काळा-लाल पट्ट्यांचा भुंगा असतो, त्याला हिंगे म्हणतात. मूग-उडदाची, तुरीची फुलं खातो म्हणून शेतकरी त्याच्यावर चिडून असतात. पण त्याच हिंग्याची अळी जमिनीत नाकतोड्याच्या अंड्यांवर वाढते. म्हणजे एक चोर दुसऱ्या चोराचं घर फोडतोय. फवारणीत दोघं मरतात. पुढच्या वर्षी नाकतोडे आधी परत येतात, कारण त्यांची अंडी जमिनीत सुरक्षित होती. हिंग्यांना यायला वेळ लागतो. सातभाई, मैना, नीलपंख, सरडे, बेडूक, कोळी ही सगळी मंडळी या एका किड्यावर जगतात. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. माळढोकाचं पावसाळ्यातलं मुख्य जेवण नाकतोडेच. आता तिथे माळढोक दिसणं ही बातमी होते. तो फक्त फवारण्यांमुळे गेला असं म्हणणं लबाडी होईल, माळच राहिले नाहीत हे मोठं कारण. पण माळ गेले आणि बांधही विषारी झाले, तर उरलं काय?

आणि फवारणारा माणूस? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. आमच्या घरात फवारणी चुलतभाऊ करतो. तोंडाला रुमाल, अंगात हाफ बाह्यांचा शर्ट, पाठीवर पंप. मागच्या वर्षी फवारून आला आणि रात्रभर उलट्या केल्या. घरच्यांनी "ऊन लागलं" म्हणून सोडून दिलं. तात्यांना मी म्हणालो, तुम्हाला पानावरची दोन भोकं दिसली, ते ऊन दिसलं नाही का? हे मी जरा जोरात म्हणालो. म्हणायला नको होतं.

तात्या काही बोलले नाहीत. बिडी पेटवली. मग म्हणाले, "तुझा पगार एक तारखेला येतो. माझा पगार या पानावर हाय. चार एकरावर तू म्हणतोस तसं सोडलं आणि गेलं, तर तू देणार का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि हे मी इथे मुद्दाम लिहितोय, कारण शहरात बसून जैवविविधतेवर चार ओळी लिहिणं सोपं असतं (माझ्यासकट सगळ्यांना). फवारा मारला आणि गरज नव्हती, तर तात्यांचे हजार-दोन हजार जातात. नाही मारला आणि गरज होती, तर हंगाम जातो. ज्याच्या घराचं माळवद एकदा अंगावर आलेलं आहे, त्यानं प्रत्येक आवाजाला उठून बसणं मूर्खपणा नाही. आमच्या भागात आजही जमिनीतून आवाज आला की लोक अंथरुणं घेऊन अंगणात येतात. २०२२ साली निलंगा तालुक्यातल्या हासोरीत असे आवाज येत होते, तेव्हा तिथे लोक रात्र-रात्र बाहेर बसून होते. त्यांना 'स्टॅटिस्टिक्स बघा' असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

भीतीवरून एक आठवलं. २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. काही नाकतोडे कोळ्यांसोबत ठेवले, काही कोळ्यांशिवाय. कोळ्यांचे जबडे चिकटवून टाकले होते, म्हणजे मारू शकत नव्हते, भीती तेवढी घालू शकत होते. घाबरून जगलेल्या नाकतोड्यांच्या शरीरात नत्राचं प्रमाण कमी झालं. ते मेल्यावर ज्या मातीत गेले, त्या मातीत नंतर पालापाचोळा कुजायचा वेग मंदावला. म्हणजे कोळ्यानं एकही नाकतोडा न मारता मातीपर्यंत फरक पोचला. हे वाचलं तेव्हा मला पत्र्याची शेडं आठवली होती. जास्त लिहीत नाही.

तरीही माझं मत बदललेलं नाही, आणि मत देणं हाच या लेखाचा उद्देश असल्यामुळे ते सरळ सांगतो. नाकतोड्यांसाठी म्हणून वेगळी फवारणी करू नये. आठवड्यातून एकदा शेताच्या मधल्या भागात जाऊन पानं बघावीत, काठावरची नव्हे. आत नुकसान दिसलं तर आधी ते कुणी केलं ते शोधावं आणि त्याच्यावरच उपाय करावा. उन्हाळ्यात नांगरट खोल करावी. आणि बांधावर तणनाशक मारूच नये. बांध हा वाया गेलेला तुकडा नाही, तिथे आपले मजूर राहतात. यातलं काहीही मी शोधून काढलेलं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे लोकही 'आधी पाहणी, मग फवारणी' हेच सांगत असतात. अडचण एवढीच की ते परभणीत आहेत, दुकान मात्र चौकात आहे. मला विचाराल तर सरकारनं पाहणीसाठी गावातल्याच बारावी शिकलेल्या दोन पोरांना हंगामापुरता पगार द्यावा. शेतात जाऊन मोजायचं आणि फळ्यावर लिहायचं. जोधपूरला वाळवंटात मोजणारे आहेत, तर किल्लारीत का नकोत? आणि तात्यांचा प्रश्न, 'गेलं तर तू देणार का', याचं उत्तर पीकविम्यात असायला हवं. शेतकऱ्याला दरवर्षी विम्याऐवजी विषाच्या डब्यावर भरवसा ठेवावा लागतो, यात त्याचा दोष किती?

तोवर मी माझ्यापुरतं उत्तर दिलं. बांधालगतच्या चार ओळींचं जे नुकसान होईल ते मी देईन, असं तात्यांना सांगितलं. ते हसले. "लेका, चुलत्याला विमा देतोस व्हय?" पण डब्याचं झाकण उघडलं नाही.

राहिलं जुन्या गावठाणातलं गवत. तो तुकडा तसा कुणाचाच नाही आता. नवी किल्लारी लांब वसली, रुंद रस्ते, एकसारखे प्लॉट. जुन्या जागी दगडांचे ढिगारे, बाभळी आणि कमरेएवढं गवत. आमचं घर होतं ती जागा शेतापासून पन्नास पावलांवर आहे. मी तिथे गेलो तर नाकतोडे इतके, की गवत हलतंय की तेच हलताहेत कळेना. तात्यांना ती जागा साफ हवी आहे. ते म्हणतात टोळांसाठी. मला वाटतं टोळ हे निमित्त आहे. ती जागा तशी बघवत नसेल. यावर मी वाद घातला नाही. तिथे माझं मत काय कामाचं?

मागच्या रविवारी फोन केला. तात्या म्हणाले, कीटकनाशक अजून मारलं नाही, अळी दिसली तर मारणार आणि तुला विचारणार नाही. बरं म्हटलं. गावठाणातल्या गवताचं काय केलं? "ते काकूला विचार," म्हणून त्यांनी फोन तिच्याकडे दिला.

काकू म्हणाली, "औषध कशाला मारायचं तिथं. ३० तारखेला विळ्यानं कापते की मी दरवर्षी. दिवा ठेवण्यापुरतं."

"आणि नाकतोडे?"

"उडतेत. आन् मी उठले की परत येऊन बसतेत."